सहावं मत

विद्यानगर, हुबळी
२४ जानेवारी १९९४

चि. मथुरा,

चि. म्हणायचं की आता सन्माननीय सदस्या म्हणायचं, ते तूच कळव. परवा धारवाडच्या बाजारात सावरकोपचे एक गृहस्थ भेटले. म्हणाले, "तुमची धाकटी बहीण निवडून आली की हो पंचायतीला." मी तिथल्या तिथे पेढे घेतले आणि घरी येईपर्यंत निम्मे मीच संपवले. उरलेले महादेवला दिले तर विचारतो, "मावशीला आता गाडी मिळणार काय?" म्हटलं, तिला अजून सायकल येत नाही, गाडी घेऊन काय करेल.

चेष्टा पुरे. यंदा तुमच्या पंचायतीचं अध्यक्षपद बाईसाठी राखीव आहे आणि तुम्ही अकरा सदस्य मिळून ती बाई निवडणार, हे मला कळलंय. एकीकडे मिलवाल्या अप्पाजींची सून जयलक्ष्मी, दुसरीकडे मजुरीला जाणारी जनाबाई. जनाबाईला मी एकदाच पाहिलंय. शाळेच्या गळक्या छपरासाठी ती साहेबाच्या कचेरीच्या पायरीवर ठाण मांडून बसली होती. साहेब मागच्या दाराने निघाला तर ही मागच्या दाराशी हजर. जयलक्ष्मी स्वभावाने चांगली असेल, पण खुर्चीत ती बसली तरी कारभार सासराच करणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

मी वर्गात नागरिकशास्त्र शिकवते. इतक्या वर्षांत पुस्तकातलं काहीतरी पहिल्यांदाच माझ्या घरात घडतंय. तू काय ठरवलंस ते लिही. फोन करू नकोस, गावातला एकुलता एक फोन अप्पाजींच्या मिलमध्येच आहे.

तुझी,
अनुसया अक्का


सावरकोप
२८ जानेवारी

अक्का,

तुला नमस्कार करून लिहायला बसले. तू पेढे वाटतेस आणि इथे माझ्या घशाखाली भाकरी उतरत नाही.

मंगळवारी दिवेलागणीला अप्पाजींनी जयलक्ष्मी धरून आम्हा सहा सदस्यांना द्यामव्वाच्या देवळात बोलावलं. अकरातले सहा हाती असले की झालं, हा त्यांचा हिशेब. पुजाऱ्याने भंडाऱ्याचं ताट पुढे केलं. एकेकाने मूठभर भंडारा उचलायचा आणि मत जयलक्ष्मीलाच देईन अशी आण घ्यायची. कोरडी आण चालत नाही. घरातल्या पोराबाळाचं नाव घेऊन म्हणायचं, की मी फिरले तर त्याचं बरंवाईट होवो. माझ्यापुढे कृष्णाबाई होती. तिने नातवाचं नाव घेतलं आणि तिथेच रडायला लागली. पुजारी म्हणाला, "अळबेड यव्वा, रडू नको. शब्द पाळला तर देवी कशाला कोपंल?"

मीसुद्धा उचलला. मी काय बोलले ते विचारू नकोस.

तुला बांधाच्या भांडणातली गोष्ट आठवते ना? विठ्ठल गौडाने खोटी आण घेतली आणि त्याच पावसाळ्यात त्याचा मुलगा तळ्यात गेला. अजून बायका तिथे धुणं धुवत नाहीत. आठ फेब्रुवारीला मतदान आहे. तोवर आम्हाला कोणी भेटू नये म्हणून देवदर्शनाला नेणार आहेत, गोकर्णाकडे. परत आणणार ते थेट पंचायतीच्या दारात.

ह्यांना सांगितलं. त्यांची नोकरी मिलमध्येच, ते तरी काय बोलणार? मला फार भीती वाटते अक्का.

मथुरा


हुबळी
३१ जानेवारी

मथुरे,

तुझं पत्र वाचून मला आधी हसू आलं आणि मग संताप. सातवीपर्यंत शिकलेली बाई तू, गावच्या बायकांची पत्रं वाचून दाखवतेस, आणि हळदीच्या मुठीला घाबरतेस?

नीट ऐक. मत चिठ्ठीवर असतं. शिक्का मारताना तुझ्याजवळ कोणी नसणार, ना अप्पाजी, ना पुजारी. घडी घालून चिठ्ठी डब्यात टाकलीस की ती कोणाची, हे कोणालाही सांगता येत नाही. तुझ्यासारख्या घाबरणाऱ्या माणसांसाठीच ही सोय केली आहे. आणि धाकाने घेतलेली आण ही आण नव्हे. देवी असलीच तर ती काही अप्पाजींच्या पगारावर नाही.

विठ्ठल गौडाचा मुलगा पोहता येत नसताना तळ्यात उतरला म्हणून बुडाला. त्याला वाचवायला कोणी उडी मारली नाही, कारण सगळे देवीचा कोप बघत काठावर उभे होते. हे तू का लिहीत नाहीस?

गोकर्णाला जा, समुद्र बघ, प्रसाद खा. आणि मंगळवारी जनाबाईला मत देऊन ये. काही होत नाही. झालं तर माझ्या नावावर टाक.

अनुसया


गोकर्ण
४ फेब्रुवारी

अक्का,

निघायच्या आदल्या दिवशी तुझं पत्र मिळालं. ते पोलक्यात ठेवलंय. आता बाकीच्या बायका आंघोळीला गेल्या आहेत म्हणून हे लिहिते. पोटात दुखतंय असं सांगून मागे राहिले. धर्मशाळेच्या दाराशी अप्पाजींचा माणूस खुर्ची टाकून बसलाय. समुद्राकडे जायचं तरी त्याला विचारावं लागतं. हे पत्र झाडणाऱ्या बाईकडे देणार आहे.

टेंपोत गंमत झाली. जयलक्ष्मीने हळूच विचारलं, "मावशी, अध्यक्षाला काय काय करावं लागतंय?" मी उत्तर द्यायच्या आत पुढच्या सीटवरून अप्पाजी म्हणाले, "सही हाकायची. बाकी मी हाय की." सगळे हसले. तीही हसली, पण मग वाटभर खिडकीबाहेर बघत राहिली. तेव्हा माझ्या मनात आलं, की अक्का म्हणते ते खरं आहे. जनाबाईलाच मत द्यायला पाहिजे.

पण तू लिहिलंस, काही झालं तर माझ्या नावावर टाक. आता तुला सांगावंच लागेल.

माझी पाळी आली तेव्हा पुजारी अडला. मला मूल नाही. अप्पाजी म्हणाले, "पोर नसलेल्या बाईची आण कशावर?" मला वाटलं सुटले. तेवढ्यात कृष्णाबाई भोळेपणाने बोलून गेली, "असं कसं? हुबळीचा म्हादू हिनंच वाढवलाय की. आई नोकरीला, आणि पोरगं हिच्या कडेवर." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या मुठीत भंडारा होता. मी महादेवचं नाव घेतलं, अक्का. मी फिरले तर महादेवचं बरंवाईट होवो, असं मी माझ्या तोंडाने म्हटलं.

तुला न विचारता तुझ्या पोराचं नाव घेतलं. आता मी काय करू, तूच सांग.

मथुरा


हुबळी
७ फेब्रुवारी

मथुरे,

तुझं पत्र आज दुपारी आलं. पोस्टाने उत्तर वेळेत पोचणार नाही, म्हणून अळणावरच्या गाडीच्या कंडक्टरकडे हे देते आहे. तो तुझ्या यजमानांच्या, बाबाजींच्या हातात देईल. बाबाजींनी काहीही करून मतदानाआधी तुझ्यापर्यंत पोचवावं. मी स्वतःच निघाले होते, चप्पल घातली होती. पण मला तिथे बघितलं तर अप्पाजींना संशय येईल आणि ते तुझ्यावर उलटतील.

मत जयलक्ष्मीला दे. आण घेतलीस तशीच पाळ.

मी आधी काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे, पुन्हा सांगू नकोस. हळद ती हळद, हे मला आजही कळतं. पण महादेव आत्ता लुना घेऊन कोप्पीकर रोडला वह्या आणायला गेलाय, आणि रस्त्यावर हॉर्न वाजला की मी दाराशी जाते. असं कधी होत नव्हतं. एका अध्यक्षाने काय होणार आहे? पाच वर्षांनी पुन्हा निवडणूक येईल. जनाबाई तेव्हा उभी राहील. मला दुसरा मुलगा नाही.

अक्का


सावरकोप
९ फेब्रुवारी

अक्का,

तुझं पत्र मला मिळालं ते काल संध्याकाळी, मत टाकून घरी आल्यावर. हे दिवसभर पंचायतीच्या आवाराबाहेर पत्र खिशात घेऊन उभे होते. अप्पाजींच्या माणसांनी त्यांना आत सोडलं नाही.

मी जनाबाईला मत दिलं.

चिठ्ठी हातात घेतली तेव्हा मी खरंच एकटी होते. तू लिहिलं होतंस तसंच. आयुष्यात कधी अशी एकटी नव्हते मी. वर जयलक्ष्मीचं नाव, खाली जनाबाईचं. शिक्का शाईत दोनदा बुडवला. महादेवचा चेहरा समोर आला. मग तुझं वाक्य आठवलं, धाकाने घेतलेली आण ही आण नव्हे. माझ्या शिकलेल्या बहिणीने तिच्या एकुलत्या एका मुलाबद्दल सगळं वाचून तरी हेच सांगितलं असतं, असं मी धरून चालले. त्या भरवशावर खाली शिक्का मारला.

जनाबाईला सहा, जयलक्ष्मीला पाच. साहेबाने आकडे वाचले आणि अप्पाजींनी आमच्या सहाजणांकडे एकेक करून बघितलं. माझ्याकडे बघताना मी पदराने घाम पुसत होते. पण घाम सगळ्यांनाच आला होता.

आणि घरी येऊन तुझं पत्र वाचलं. तू मला असं कसं मध्येच सोडलंस अक्का? मी आता कोणाच्या भरवशावर झोपू? महादेव कसा आहे ते लगेच कळव. बाकी काही लिहू नकोस.

मथुरा


हुबळी
१२ फेब्रुवारी

मथुरे,

महादेव ठीक आहे. कॉलेजला जातो, जेवतो.

झालं ते झालं. कोणाला काही बोलू नकोस. मत गुप्त आहे, ते गुप्तच राहू दे. माझी पत्रं जाळून टाक आणि काही दिवस मला लिहू नकोस.

अनुसया


सावरकोप
२३ फेब्रुवारी

अक्का,

लिहू नकोस म्हणालीस म्हणून थांबले होते. आता राहवत नाही.

चिठ्ठी कोणाची हे कळत नाही हे खरं, पण गावाने ते शोधायची दुसरी रीत काढली आहे. सहाजणांतला एक फुटला, मग देवी ज्याच्या घरी हात लावेल तोच फुटला. अप्पाजींचं घर सोडून आमच्या पाच घरांकडे सगळं गाव डोळे लावून बसलंय. आमच्यातल्याच रामचंद्राच्या धाकट्याला खोकला झालाय, पण त्याची बायको त्याला दवाखान्यात नेत नाही. पोर खोकायला लागलं की ती तांब्याभांड्यांचा आवाज करते. मला परवा चक्कर आली तर ह्यांनी दार लावून घेतलं.

गेल्या गुरुवारी कृष्णाबाईची म्हैस मेली. गाभण होती. मग त्याच आठवड्यात तिचा नातू झाडावरून पडला आणि त्याचा हात मोडला. झालं, गावाचा निवाडा ठरला. मिलमध्ये तिचं भात कांडून देत नाहीत. नळावर तिची घागर बाजूला सरकवतात. अक्का, तिने आण पाळली आहे. जनाबाईची पाच मतं आधीपासूनची, सहावं माझं. हे जगात फक्त मला माहीत आहे.

काल तिच्याकडे गेले. ती चुलीपुढे बसून होती. मला म्हणाली, "मथुरा, माझ्याच हातनं झालंय बघ. मला वाचाय येत नाही. वरच्या नावावर मार म्हणून सांगितलं हुतं. मी चिठ्ठी उलटी धरली असन. देवीला काय ठावं, मी मुद्दाम केलं का चुकून? नातवाचा हात मीच मोडला." असं म्हणून तिने स्वतःचा हात भिंतीवर आपटला. मी तो धरून ठेवला, पण खरं काय ते सांगितलं नाही.

येत्या मंगळवारी, एक तारखेला, दुपारी तिला ओल्या लुगड्याने द्यामव्वापुढे उभं करणार आहेत. सगळ्या गावासमोर चूक कबूल करायची, आणि मग जनाबाईच्या विरुद्ध अर्ज द्यायचा की मत चुकून पडलं. अप्पाजींना तेच हवं आहे. कृष्णाबाई तयार झाली आहे. नातू वाचू दे एवढंच ती म्हणते.

मी उठून सांगणार आहे, की फुटले ती मी. चुकून नव्हे, समजून. ह्यांना काल सांगितलं. म्हणाले, "मिल गेली तर गेली." पण पुढचं मला दिसतंय. लोक विचारतील, मग तुझ्या म्हादूला काही झालं कसं नाही? आणि त्या दिवसापासून सगळं गाव त्याच्या वाईटाची वाट बघत बसेल. त्याला ठेच लागली तरी इथे बातमी होईल.

त्या वेळी त्याचं नाव मी तुला न विचारता घेतलं. आता विचारते. तू नको म्हणालीस तर मी गप्प बसेन, देवाशपथ.

मथुरा


हुबळी
१ मार्च, सकाळ

मथुरे,

हे पत्र महादेवच्या हातूनच पाठवते आहे. तू हे वाचशील तेव्हा तो तुझ्यापुढे उभा असेल.

आधी खोटेपणाचं सांगून टाकते. बारा तारखेला मी लिहिलं की महादेव ठीक आहे. तो ठीक नव्हता. तुमचं मतदान झालं त्याच संध्याकाळी त्याला हुडहुडी भरून ताप आला. तुझी हकीगत कळायच्या आधीच. मग तुझं पत्र आलं आणि ते वाचताना मला समोरचं दिसेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, साथीचा ताप आहे, अर्ध्या विद्यानगरात आहे. खरंच, शेजारच्या दोन घरांत होता. पण मी एका हाताने गोळ्या दिल्या आणि दुसऱ्या हाताने उशाखाली अंगारा ठेवला. वर्गात मुलांना शास्त्र आणि संविधान सांगणारी मी, रात्री तुला शिव्या देत होते. तुला कधीच कळवायचं नाही असं ठरवलं होतं. आठवड्याने ताप उतरला. कोणामुळे उतरला, हे मी स्वतःला अजून विचारलेलं नाही.

तुझं पत्र आल्यावर चार दिवस मी काही बोलले नाही. गप्प बस, असं तुला लिहिलंसुद्धा, पाकीट चिकटवलं. मग कृष्णाबाई डोळ्यांपुढे यायला लागली. माझ्या मुलाच्या तापाची गोष्ट गावाला कळली असती, तर आज ती मोकळी असती आणि ओल्या लुगड्याने तू उभी असतीस. मी ताप लपवला, आणि आपल्या वाटणीचं तिच्या अंगावर गेलं. हे एकदा मनात आलं ते मग निघेना. काल रात्री जेवताना महादेवला सगळं सांगितलं. आधी तो हसला. मग ताटावरच थांबला आणि म्हणाला, "कृष्णाबाई म्हणजे मला गुळशेंगदाणे द्यायची तीच ना?" आणि हात धुऊन पिशवी भरायला लागला. मी अडवलं असतं तर तो थांबला असता की नाही, मला माहीत नाही. मी अडवलं नाही.

मी बरोबर यायला हवं. पण मी आले तर देवळात सगळ्यांदेखत त्याचा हात धरून त्याला परत ओढून आणेन, अशी मला माझीच भीती वाटते. म्हणून त्याला एकट्याला पाठवते.

त्याला ताप येऊन गेल्याचं कोणी विचारलं तर लपवू नकोस. आला होता, गेला, असं सांग. लोक त्याचं काय करायचं ते करोत. कृष्णाबाईला मात्र माझ्या वतीने सांग, की चिठ्ठी तिने सरळच धरली होती.

मला आत्ताही भीती वाटते, मथुरे. तू विचारलंस म्हणून लिहिते. घे त्याचं नाव. त्या दिवशी घेतलंस तसं पुटपुटत नको, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं घे.

काम झालं की त्याला जेवायला घाल आणि पाचच्या गाडीत बसव. ती इथे रात्री पोचते. मी दुपारपासूनच स्टँडवर जाऊन बसते.

तुझी,
अक्का